नाण्यावरच्या बिबट्याचे डोळे

शहापूर
११ जानेवारी १९९८

वत्सला,

वर 'चि. सौ.' लिहायचं की नुसतं नाव, यात दोन कागद फुकट गेले. शेवटी नुसतं नाव ठेवलं. अकरा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. घरात सगळं ठीक आहे, कोणी आजारी नाही, कोणी गेलं नाही. हे कामाचं पत्र आहे. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

काम असं आहे. तुमच्या डोंगरपट्ट्यातल्या जंगल कामगार सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण होतात. सभासदांना चांदीचं एकेक नाणं द्यायचं ठरलंय. बाजारात चालणारं नव्हे, आठवण म्हणून ठेवायचं. एका बाजूला आपल्याकडचा प्राणी आणि दुसऱ्या बाजूला आपल्याकडची जागा. शेकरूमागे नाणेघाट, रोहित पक्ष्यामागे माळशेज आणि बिबट्यामागे माहुलीचे सुळके. तीनही ठसे कोरायचं काम माझ्याकडे आलंय. नाणी मुंबईला यंत्रावर छापून येतील, पण ठसा माझ्या हातचा. नामा या सोसायटीचा सभासद आहे, हे यादीत वाचलं. म्हणजे तिन्हींपैकी एक नाणं तुमच्याही घरी येणार.

शेकरू मी पाहिलंय. रोहित पक्ष्यांचा फोटो एका कॅलेंडरवर मिळाला. घोडं अडलंय ते बिबट्यापाशी. तुला हसू येईल. बाबांच्या हाताखाली बसल्यापासून मी वाघोबाचे शे-दोनशे टाक ठोकले असतील. लोकांनी ते देव्हाऱ्यात बसवले, शेंदूर लावला, कोंबडं दाखवलं. पण जिवंत बिबट्या मी एकदाही पाहिलेला नाही! बाबांनी तरी पाहिला होता का, कोण जाणे. त्यांनी त्यांच्या बाबांचा टाक पाहिला आणि मी त्यांचा पाहिला. टाक चालून जातो, कारण तो देव आहे. नाण्यावर मात्र जनावर पाहिजे, आणि ते रोज बघणारी माणसं ते हातात घेणार आहेत.

तू तिथे राहतेस, म्हणून विचारतो. तो उभा कसा राहतो? मान कुठे असते? शेपूट ओढतो की उचलतो? माणूस दिसला तर तोंड कुठे करतो? एवढंच. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

तुझी कुठलीही वस्तू माझ्याकडे राहिलेली नाही, तेव्हा त्याबद्दल मनात काही असेल तर काढून टाक.

शाम


शहापूर
२२ फेब्रुवारी १९९८

वत्सला,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी, वर नाव नाही आणि खाली सही नाही. अक्षर मात्र शाळेत होतं तसंच आहे, 'ळ'ला उगाच मोठं पोट. मी ते इतक्या वेळा वाचलं की माझ्या बायकोने, कविताने विचारलं, कोर्टाची नोटीस आलीय का.

'मान खांद्याच्या खाली असते, वर नाही.' ही तुझी पहिली ओळ वाचली आणि मी हातातला कागद चुरगळून टाकला. मी त्याला घोड्यासारखी मान दिली होती. 'शेपटीचं टोक वर वळलेलं आणि खालून पांढरं.' हेही चुकलं होतं. आणि मग ते शेवटचं. 'माणूस दिसला की थांबतो. तोंड आपल्याकडे असतं, पण तो आपल्याकडे बघत नाही. आपल्या मागे कुणी उभं असावं तसा पलीकडे बघतो. हे सासूबाईंनी सांगितलं. मी दोनदाच पाहिलाय.'

दोनदा! आणि ते तू असं लिहितेस की जणू बाजारात गाडी पाहिलीस. कुठे पाहिलास? हातात काय होतं तुझ्या? पळालीस का?

इथे वेगळीच गंमत चाललीय. चेअरमनना पट्ट्यांचा वाघ पाहिजे. ते म्हणाले, "लोकांना वाघ म्हणजे पट्टे कळतात हो." सभेत मागून एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "आमच्यात पट्ट्याचा नाय. आमच्यात ठिपक्याचा हाय. पट्ट्याचा दिला तर आमी वळखणार नाय." पट्टे गेले. मग कुणीतरी सुचवलं की मागच्या बाजूला माहुलीऐवजी तानसाचं धरण घ्या. तोच म्हातारा परत उठला. "त्याचा पानी आमी पीत नाय, मुंबईवाले पितात. त्यांच्या नान्यावर काढा." सगळी सभा हसली आणि माहुली राहिली. मला तो माणूस फार आवडला. नाव विचारायचं राहून गेलं.

आता एकच अडचण. तो पलीकडे बघतो म्हणालीस, तर दोन्ही डोळे दिसतात की एक? बाजूने काढला तर सोपं आहे, समोरून काढला तर सगळं कौशल्य नजरेत. आणि तो आपल्याकडे बघत नाही हे तुला कसं कळलं? तेवढा वेळ तू त्याच्या डोळ्यांत बघत होतीस?

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी सांग.

शाम


शहापूर
५ एप्रिल १९९८

वत्सू,

दुसरं कार्ड पोचलं. 'दोन्ही डोळे दिसतात. पुढचं स्वतः येऊन बघ.' हे बोलावणं आहे की टोमणा, यावर मी आठवडाभर विचार केला. कविताला विचारलं तर ती म्हणाली, "दोन्ही. आणि तुम्हाला दोन्ही झेपणार नाही."

मी आलो नाही, हे तुला ठाऊकच आहे. त्याऐवजी काय केलं ते सांगतो. एका रविवारी माहुलीच्या पायथ्याशी जाऊन दगडावर बसलो. दुपारपासून सूर्य कलेपर्यंत. फॉरेस्टचा एक गार्ड भेटला, त्याने वाळलेली विष्ठा दाखवली, एका सागावरच्या नखांच्या रेघा दाखवल्या. त्या रेघांवर बोट फिरवलं तर माझ्या सगळ्यात जाड कलमाची रेघही तेवढी खोल जात नाही. जनावर काही दिसलं नाही. गार्ड म्हणाला, "शेट, तुमी त्याला नाय बघितला, त्याने तुमाला बघितला असंल." ते वाक्य ऐकल्यावर मी उठलो आणि जरा भराभरच खाली आलो.

ठसे झाले. पोलादावर उलटं कोरायचं, म्हणजे जे वर यायचं ते खाली, डावं ते उजवं. मी दर दहा मिनिटांनी मेणावर छाप घेऊन बघत होतो. शेकरूला चार दिवस लागले, रोहित पक्ष्यांना सहा आणि बिबट्याला एकोणीस. ठिपकेच किती! मान खाली, शेपूट वळलेली, तोंड समोर. चेअरमननी कागदावरचं चित्र पाहून सही केली आणि ठसे मुंबईला गेलेसुद्धा.

कोरताना तुझी आठवण येत होती, हे लिहायला काही हरकत नसावी. बाबा टाक घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, आठवतं? दुकानात टाक पुरा ठोकायचा, पण डोळे ठेवून द्यायचे. ते उघडायचे त्या घरच्या उंबऱ्यात, घरातल्या सगळ्यांच्या देखत, टोचणीचे दोन ठोके देऊन. देवाने पहिल्यांदा बघायचं ते त्या घराला, सोनाराच्या भिंतीला नाही, असं ते म्हणत. मी पिशवी धरायचो आणि तू टाक टेकवायला राळेचा गोळा. टोचणी तुला कधी दिली नाही. तू एकदा मागितलीस तेव्हा बाबा म्हणाले, मुलीने नाही, आणि तू घरी येईपर्यंत आमच्या पुढे चालत राहिलीस. आणि आपल्या स्वतःच्या देव्हाऱ्यातले टाक? त्यांचे डोळे उघडायला मुरबाडहून काका यायचे. आपल्या घरच्या देवाचे डोळे आपण उघडायचे नाहीत, दुसऱ्या हाताने उघडायचे. मी विचारलं होतं, का? बाबा म्हणाले, आपला वशिला लागू नये म्हणून.

बाबांची ती टोचणी मला नंतर कधीच सापडली नाही. तेव्हा कामाला येणाऱ्या माणसावर मी आळ घेतला आणि तो काम सोडून गेला. असो.

शाम


शहापूर
१० मे १९९८

वत्सू,

आधी समारंभाचं सांगतो आणि मग माझ्या बावळटपणाचं.

महाराष्ट्र दिनाला मुरबाडला मांडव घातला होता. भाषणं झाली आणि मग एकेका सभासदाला नाव पुकारून नाणं दिलं. खालच्या गावांना रोहित, मधल्यांना शेकरू आणि अगदी डोंगरालगतच्या वाड्यांना बिबट्या. नामाचं नाव पुकारलं तेव्हा मी मान वर केली. केस पांढरे झालेत त्याचे. त्याने नाणं घेतलं, मुठीत धरलं आणि खाली उतरला. मी व्यासपीठाच्या कडेला खुर्चीवर बसलो होतो, हातभर अंतरावर. मी हाक मारायला हवी होती. माझं चुकलं. त्याऐवजी मी हारातली फुलं मोजत बसलो.

आता ऐक. परवा सकाळी दुकान उघडतोय तोच एक म्हातारी पायरीवर येऊन बसली. ठाकरीण, गुडघ्यापर्यंत लुगडं, पायात काही नाही. पाणी दिलं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "शामशेट, वाघाचं डोळं कवा उघडायला येता?"

मी म्हटलं, "कुठला वाघ? टाक केलाय का माझ्याकडे?"

"टाक नाय. ह्यो." तिने कनवटीतून नाणं काढलं आणि माझ्या तळव्यावर ठेवलं.

मी ते उजेडात धरलं. मान बरोबर, शेपूट बरोबर, ठिपके सगळे जिथल्या तिथे. डोळ्यांच्या जागा गुळगुळीत. दोन्ही! भिंग लावून पाहिलं, मग पेटीतली मेणाची छाप काढून पाहिली. तिच्यातही नाहीत. एकोणीस दिवस मी त्या तोंडावर वाकून बसलो होतो, दर दहा मिनिटांनी छाप बघत होतो, आणि डोळे कोरलेच नाहीत. अंगभर इतके ठिपके, त्यात दोन कमी आहेत हे कुणाला दिसणार? चेअरमनना दिसलं नाही, मुंबईवाल्याला दिसलं नाही.

मग मी शेकरू पाहिलं. शेकरूला डोळा आहे. रोहित पक्ष्यांना, टाचणीच्या डोक्याएवढ्या त्या पक्ष्यांना, डोळे आहेत. फक्त बिबट्याला नाहीत. म्हणजे मी डोक्याने जनावर काढत होतो आणि माझा हात वाघोबा काढत होता. डोळे ठेवून द्यायचे, ही सवय हाताला लागलेली. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

तिला बसवून चेअरमनना फोन केला. ते आधी भडकले, मग म्हणाले, जाऊ द्या, कुणाच्या लक्षात येत नाही. मी ते म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या लक्षात हाय की. समद्या वाड्यांना ठावं हाय. डोळं ठिवलं म्हंजे सोनार येनार. आमी वाट बघताव." नाणी देव्हाऱ्यात बसवलेली नाहीत म्हणे. आंधळा देव पुजता येत नाही आणि वाघ आहे म्हणून घराबाहेरही ठेवता येत नाही. फडक्यात बांधून कणगीत घातलीत. दिवाळीतल्या वाघबारशीच्या आत डोळे उघडले पाहिजेत, असं तिने मला बजावलं आणि निघाली. मी तिचं नाव विचारलं, वाडी विचारली. ती म्हणाली, "येशीला तवा कळंल."

मी जाणार आहे, वत्सू. प्रत्येक घरी. नव्वदेक घरं आहेत. जूनपर्यंत जमतील तेवढी आणि उरलेली पाऊस सरल्यावर.

तुमच्या वाडीला बिबट्याच आला असणार. तुमचं नाणं कुठे आहे?

शामदादा


शहापूर
२० सप्टेंबर १९९८

वत्सू,

मागच्या पत्राला उत्तर नाही. मी वाट पाहिली, हे सांगून टाकतो.

माझं फिरणं चालू आहे. पिशवीत राळ, हातोडी, टोचणी आणि कविताने दिलेली भाकरी. किन्हवलीमार्गे मुरबाड आणि मग जिथवर गाडी जाईल तिथवर. प्रत्येक घरी तेच. कणगीतून फडकं निघतं, सगळे उंबऱ्याच्या आत उभे राहतात, मी बाहेर बसतो, नाणं राळेवर ठेवतो, दोन ठोके देतो. मग घरातली सगळ्यात म्हातारी बाई ते उचलते आणि आधी चूल दाखवते, मग गुरं, मग माणसं. एका घरी मला विचारलं, सोनारभाऊ, तुमच्या देव्हाऱ्यात वाघ आहे का? मी नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग तुमाला कोन बघतो?"

पण मी तुला लिहितोय ते एका कोड्यासाठी. टोकावड्याच्या पुढे गेलो तर पहिल्याच घरात बाई म्हणाली, आमचं झालं. मी म्हटलं, दाखवा. नाणं देव्हाऱ्यात शेंदूर लावून बसलेलं, आणि डोळे उघडलेले! पुढचं घर, तिथेही झालेलं. त्या एका वाडीत नऊ नाणी आणि नऊही झालेली. पलीकडच्या वाडीत अकरा. कुणी केलं? कुणी सांगेना. "आला व्हता कुनीतरी." "कुनी?" "मानूस व्हता." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मला राग आला, खरं सांगतो. वाटलं, मुरबाडच्या कुणी सोनाराने माझ्यावर कुरघोडी केली. पेठेत जाऊन तिघांना विचारलं. तिघेही म्हणाले, आम्हाला हा प्रकारच माहीत नाही. बरं, काम कच्चं म्हणावं तर तेही नाही. ठोका स्वच्छ आहे, माझ्याहून स्वच्छ. पत्र्याचा टाक वेगळा आणि भरीव नाणं वेगळं. भरीव चांदीवर टोचणी निसटते. माझी पहिली तीन-चार नाणी मी थोडी बिघडवलीच. याची एकही निसटलेली नाही.

काल एका घरी मी भिंग काढलं आणि नीट बघितलं. उजवा डोळा गोल आहे, डावा थेंबासारखा, खाली किंचित ओढलेला. दुसऱ्या नाण्यावर तसाच, तिसऱ्यावरही तसाच. मी ते नाणं हातात धरून तसाच बसून राहिलो. त्या घरच्यांना वाटलं मला चक्कर आली.

बाबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासून तुटलेलं होतं. त्यामुळे त्यांची टोचणी तिरपी धरली जायची आणि डावा डोळा नेहमी थेंबासारखा उतरायचा. आपल्या भागात त्यांचे टाक लोक त्यावरून ओळखतात. मला तो डोळा कधी जमला नाही, कारण माझं बोट धड आहे आणि मी टोचणी सरळ धरतो. बाबा जाऊन दहा वर्षं झाली.

मी तुला काही विचारत नाही. फक्त जे दिसलं ते कळवतो आहे.

शामदादा


शहापूर
८ ऑक्टोबर १९९८

वत्सू,

आता सगळं लिहितो. तुझ्याशी लपाछपी पुरे झाली.

गेल्या रविवारी तुमच्या खालच्या वाडीत गेलो. तिथे तो सभेतला म्हातारा भेटला, धरणावरून बोलला होता तो. नाव बुधू. मी त्याच्यासमोर नाणं ठेवलं आणि म्हटलं, हा डोळा माझ्या बापाचा आहे, आणि माझा बाप मेलाय. आता तरी सांगा. त्याने विडी विझवली. मग म्हणाला, "ठकीच्या सुनंनी उघडलं."

"कोण ठकी?"

"नामाची आई. तुझ्या दुकानात नाय का येऊन गेली? पानी पाजलास तिला."

म्हणजे ती म्हातारी तुझी सासू होती! मी तिला पायरीवर बसवलं, आत ये म्हटलं नाही. तिने नाव सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही ते मला आता कळतंय.

मी बुधूला म्हटलं, मग ती मला बोलवायला कशाला आली? घरात सोनाराची मुलगी आहे, तिने सगळ्या वाड्यांचे डोळे उघडले, मग अडलं कशाला? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मूर्ख आहे. "तिच्या घरचा ती कशी उघडंल? तुमच्यातच तसं हाय म्हनं. दुसऱ्याचा हात लागतो. नामाच्या घरचा वाघ आंधळाच हाय अजून. मुरबाडचा सोनार आनू म्हटलं तर सून ऐकत नाय. म्हनते, ज्यानं बनवला त्यालाच यायला पायजे."

मी तिथून उठलो. तुमची वाडी तिथून अर्ध्या तासावर होती, वर तुमची कौलं दिसत होती, आणि मी उलट्या दिशेने बसस्टँडवर गेलो. भित्रा आहे मी. कविता बरोबर म्हणते.

सत्त्याऐंशी साली तू दुकानात आलीस. नामा बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. तू तुझे लहानपणीचे वाळे माझ्यासमोर ठेवलेस आणि म्हणालीस, दादा, याच्यात वाघोबाचा टाक करून दे, आमच्या नव्या घरी बसवायचाय. मी म्हटलं, त्या घरात आमच्या हातचा देव बसणार नाही. बाबा आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं आणि ते काही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्याचा मी इतकी वर्षं आधार घेतला. पण बोललो मी होतो. नामा जंगलातून हिरडा आणि मध आणायचा, माणूस म्हणून त्याच्यात काय कमी होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तू वाळे तिथेच सोडून गेलीस. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुझी काही वस्तू माझ्याकडे नाही. ते खोटं होतं. अकरा वर्षं ते वाळे माझ्या गल्ल्याच्या मागच्या खणात होते.

होते, आता नाहीत. मार्चअखेर ठसा मुंबईला पाठवण्याआधी एक नाणं इथेच हाताने ठोकून बघायचं होतं. चांदी लागत होती. मी तुझे वाळे वितळवले. तुला न विचारता. का, ते तेव्हाही कळलं नव्हतं. वाटलं, टाक नाही तर निदान नाणं. ते पहिलं नाणं माझ्याकडे आहे आणि तेही आंधळंच आहे.

आणि हो, टोचणी तुझ्याकडे आहे. ज्या माणसावर मी आळ घेतला होता तो आता वाशिंदला कारखान्यात आहे. त्याच्याकडे जाऊन आलो. माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "टोचणी कुठे आहे ते मला तेव्हाच माहीत होतं, शामशेट. तुम्ही विचारलंत कुठे? सरळ चोर ठरवलंत."

मला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि बाकी सगळं राहू दे. तुझं बोट धड आहे. मग टोचणी तिरपी का धरतेस?

वाघबारस पुढच्या आठवड्यात आहे. मी सकाळच्या गाडीने येतो. दार लावलेलं असेल तर उंबऱ्याबाहेर थोडा वेळ बसेन आणि परत जाईन. कुणाला दोष देणार नाही.

तुझा दादा


शहापूर
१८ ऑक्टोबर १९९८

वत्सू,

काल सुखरूप पोचलो. हे पोस्टाने वेळेत मिळायचं नाही, म्हणून टोकावड्याच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो.

मी काल फार बोललो नाही. बोलायला गेलो की तुझ्या सासूबाई आणखी चहा पाजत होत्या. म्हणून जे बोललो नाही ते लिहितो.

वाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा दार उघडं दिसलं. उंबरा नुकता सारवलेला होता, आणि बाहेर, मी बसतो बरोबर तेवढ्या जागेत, पोतं अंथरलेलं होतं. ते पोतं पाहून मला जे झालं ते झालं. नामाने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "दादा, वाटत चिखूल व्हता का?" अकरा वर्षांनी हा प्रश्न! मी म्हटलं, होता थोडा. आणि तू राळेचा गोळा घेऊन समोर बसलीस आणि दोन्ही हातांनी धरलास, बाबांसमोर धरायचीस तसा.

नव्वद घरांच्या यादीतलं ते शेवटचं नाणं. उजवा डोळा बरा आला. डाव्याला टोचणी निसटली आणि डोळा कोपऱ्याकडे गेला, पार ठिपक्यापर्यंत. मला वाटलं, संपलं. बाकी सगळ्यांच्या घरी धड वाघ आणि माझ्या बहिणीच्या घरी तिरळा. मी म्हटलं, हे माझ्याकडे दे, मी दुसरं करून आणतो. तू ते नाणं उचललंस, उजेडात धरलंस, आणि म्हणालीस, "राहू दे, दादा. आपल्याकडे नाही, पलीकडेच बघतोय. असाच बघतो तो."

आणि तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "बराबर हाय. असाच."

जनावर बिनचूक यावं म्हणून मी तुला पत्र लिहिलं होतं ना जानेवारीत? ते आलं, निसटलेल्या हाताने.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू निघताना दिलंस, वाटेपर्यंत सोडायला आलीस तेव्हा. "सरळ धरून बघितली रे. बाबांचा डोळा येईना." मग मी गाडीत चढलो आणि खिडकीशी बसून लहान पोरासारखा रडलो. शेजारचा माणूस म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, दिवाळीला बहिणीकडे जाऊन आलो. तो म्हणाला, मग रडता कशाला?

आता काम. तुझ्या वाळ्यांचं ते पहिलं नाणं मी तुला द्यायला आणलं होतं आणि तू घेतलं नाहीस. म्हणालीस, आमच्या घरी वाघ आहे, हा तुझ्या घरी ठेव. बरं. घरी येऊन कविताला सांगितलं, तिने लगेच देव्हाऱ्यात जागा केली आणि पुसून बसवायला निघाली. मी म्हटलं, थांब, त्याला डोळे नाहीत. ती म्हणाली, मग उघडा की, तुम्ही सोनार ना? मी म्हटलं, आपल्या घरचा आपल्याला उघडता येत नाही.

ते फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवलंय. भाऊबीज बुधवारी आहे. नामाला आणि सासूबाईंना घेऊन ये. सासूबाईंना सांग, पायरीवर नाही, आत बसायचंय. आम्ही सगळे उंबऱ्याच्या आत उभे राहू, तू बाहेर बैस. राळ मी धरीन.

टोचणी तुझीच आण.

दादा